फंक्शनल फूड: कशासाठी, किती आणि कशाच्या जागी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आहारसल्ल्याच्या कामात मला रोज प्रश्न येतात. त्यांतले बरेचसे हल्ली एखाद्या पदार्थाच्या ‘गुणा’बद्दल असतात: अमुक बी खाल्लं तर कोलेस्टेरॉल उतरेल का, तमुक पेयाने पोट सुधारेल का. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. जिथे विषय दुसऱ्या प्रश्नाला जाऊन भिडतो, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. फंक्शनल फूड म्हणजे नेमकं काय?

पोट भरणं आणि पोषण देणं हे तर सगळंच अन्न करतं. त्यापलीकडे जाऊन शरीराच्या एखाद्या ठरावीक कामावर मोजता येईल असा चांगला परिणाम करणारं अन्न म्हणजे फंक्शनल फूड. ते अन्न म्हणूनच खायचं असतं, गोळी किंवा कॅप्सूल म्हणून नाही.

काही पदार्थ मुळातच असे असतात: ओट्स, बार्ली, जवस, तेलकट मासे. काहींत मुद्दाम काही घातलेलं असतं, उदाहरणार्थ वनस्पतिजन्य स्टेरॉल (वनस्पतींतला, कोलेस्टेरॉलसारख्या रचनेचा घटक) मिसळलेलं मार्गारीन, म्हणजे पावाला लावायचं लोण्यासारखं वनस्पतिजन्य स्निग्ध. काहींतून त्रासदायक घटक काढलेला असतो, जसं लॅक्टोज (दुधातली साखर) काढलेलं दूध. आणि काही थोडे वळसा घेऊन येतात: कोंबड्यांना जवस खायला घातला की त्यांच्या अंड्यांतलं ओमेगा-३ वाढतं.

अशा कोणत्याही पदार्थाला मी तीन प्रश्न विचारते. कशासाठी? किती? आणि कशाच्या जागी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पाकिटावर किंवा पुस्तकात मिळतात. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारतच नाही, आणि खरा फरक बहुतेक वेळा तिथेच पडतो.

२. ही कल्पना आली कुठून?

जपानमधून. तिथे १९८० च्या दशकात सरकारी मदतीने झालेल्या संशोधनात अन्नाची तीन कामं मांडली गेली: पोषण, चव आणि शरीराच्या क्रियांचं नियमन. या तिसऱ्या कामावरून हा शब्द रूढ झाला. १९९१ मध्ये जपानने ‘फोशु’ ही मान्यतापद्धती आणली. ‘विशिष्ट आरोग्यउपयोगासाठीचं अन्न’ असा तिचा अर्थ. आरोग्याचा दावा करायचा तर उत्पादकाने पुरावा द्यायचा आणि सरकारने तो तपासून शिक्का द्यायचा. १९९३ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या पदार्थांत ॲलर्जीकारक प्रथिन कमी केलेला तांदूळ होता.

२०१५ मध्ये तिथेच दुसरी, सैल पद्धत आली. तिच्यात कंपनी स्वतःच पुरावा सादर करते आणि सरकार प्रत्येक दावा आधी तपासत नाही. या सैलपणाचं पुढे काय झालं ते प्रश्न १७ मध्ये आहे.

३. सुपरफूड, फोर्टिफाइड फूड, न्यूट्रास्युटिकल… हे सगळं एकच का?

नाही. फोर्टिफाइड म्हणजे पोषकद्रव्य वरून घातलेलं अन्न. आयोडीनयुक्त मीठ हे त्याचं सर्वांत जुनं यशस्वी उदाहरण. न्यूट्रास्युटिकल म्हणजे अन्नातला एखादा घटक वेगळा काढून गोळी, पूड किंवा अर्काच्या रूपात दिलेला. सुपरफूड हा निव्वळ जाहिरातीचा शब्द आहे, त्याला शास्त्रीय व्याख्या नाही. युरोपीय संघात तर सोबत मान्यताप्राप्त आरोग्यदावा असल्याशिवाय हा शब्द पाकिटावर वापरता येत नाही.

४. पुरावा खरंच भक्कम आहे असं काय काय आहे?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार आहे.

सुरुवात मिठापासून करू. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि १९२४ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आयोडीनयुक्त मीठ लोकांपर्यंत पोचायला लागलं आणि पिढ्यान् पिढ्या दिसणारा गलगंड ओसरत गेला. कोणाला चव बदलावी लागली नाही, सवय बदलावी लागली नाही. दुसरं उदाहरण फॉलिक ॲसिडचं. बाळाच्या मज्जारज्जूतला जन्मजात दोष आधीच्या गरोदरपणात होऊन गेलेल्या स्त्रियांवर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने मोठी चाचणी केली. तिचा निष्कर्ष १९९१ मध्ये आला: गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर तो दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी. १९९८ पर्यंत अमेरिका आणि कॅनडाने पिठात फॉलिक ॲसिड घालणं बंधनकारक केलं.

रक्तातल्या कोलेस्टेरॉलवरचा पुरावाही चांगला आहे. ओट्स-बार्लीतल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूचे दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेले तर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, साधारण ५ ते ७ टक्के उतरतं. इसबगोलाचा परिणामही याच जातीचा. वनस्पतिजन्य स्टेरॉल किंवा स्टॅनॉल दिवसाला सुमारे २ ग्रॅम घेतले तर ८ ते १० टक्के. ३ ग्रॅमच्या वर गेलं तर वाढीव फायदा फारसा नाही. स्टॅनॉल घातलेलं मार्गारीन १९९५ मध्ये फिनलंडमध्ये प्रथम विक्रीला आलं. मात्र स्टेरॉलने एलडीएल उतरतं हे नक्की असलं, तरी त्यामुळे हृदयविकाराचे झटके कमी होतात हे थेट दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. एवढी मर्यादा मनात ठेवून ते वापरावं.

हे आकडे एकेकटे छोटे वाटतात. पण ते एकत्र आणले तर? कॅनडात डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाने तेच करून पाहिलं. स्टेरॉल, चिकट तंतू, सोया प्रथिन आणि बदाम एकाच आहारात बसवले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत चार आठवड्यांत एलडीएल २८.६ टक्क्यांनी उतरलं, तर कोलेस्टेरॉल उतरवणारी लोव्हास्टॅटिन ही गोळी घेणाऱ्या गटात ३०.९ टक्क्यांनी. चाचणी छोटी होती, ४६ जणांची, आणि सगळं जेवण संशोधकांनी पुरवलेलं होतं. स्वतःच्या स्वयंपाकघरात एवढा परिणाम मिळणं अवघड. तरीही एका ‘चमत्कारी’ पदार्थाच्या मागे धावण्यापेक्षा चार साधे पदार्थ रोजच्या ताटात बसवणं का बरं, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

५. रोज एक वाटी ओट्स खाते. कोलेस्टेरॉल उतरत का नाही?

आधी प्रमाण बघा. ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनसाठी सुमारे ७० ते ८० ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. अनेकजणी शिजवून फुललेली वाटी मोजतात. त्यात कोरडे ओट्स जेमतेम ३० ग्रॅम असतात. उरलेली भर बार्लीने काढता येते.

मग तिसरा प्रश्न: हे ओट्स कशाच्या जागी आले? लोणी लावलेल्या पांढऱ्या पावाच्या जागी आले असतील तर दुहेरी फायदा. नेहमीच्या न्याहारीच्या जोडीला आले असतील, तर तंतूंबरोबर उष्मांकही वाढले. आणि वरून साखर, सिरप, चॉकलेट पडत असेल तर हिशेब आणखी फिरतो.

हे घडतं कसं, तेही समजून घ्या. बीटा-ग्लुकन पाण्यात विरघळून आतड्यात बुळबुळीत, दाट द्रव तयार करतं. त्यात पित्ताम्लं अडकतात आणि शौचावाटे निघून जातात. नवी पित्ताम्लं बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं. ते रक्तातून उचललं जातं. म्हणून दाटपणा टिकणं महत्त्वाचं. फार बारीक दळलेल्या, खूप प्रक्रिया केलेल्या ओट्समध्ये हा गुण घटू शकतो, आणि झटपट शिजणाऱ्या ओट्सने रक्तातली साखरही लवकर चढते.

६. दही म्हणजे प्रोबायोटिकच ना?

नेहमीच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेली व्याख्या अशी: पुरेशा प्रमाणात दिल्यावर यजमानाच्या (म्हणजे ते घेणाऱ्याच्या) आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. यात ‘जिवंत’, ‘पुरेसे’ आणि ‘फायदा सिद्ध झालेले’ अशा तीन अटी आहेत. कुठल्याही विरजणाच्या दह्यात जिवंत जिवाणू असतात, पण ते नेमके कोणते आणि किती हे सांगता येत नाही.

म्हणून दही कमी दर्जाचं ठरत नाही. ज्यांना दुधातलं लॅक्टोज पचत नाही त्यांना दही सोसतं, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोज फोडायला मदत करतात. हा दह्याचा सिद्ध गुण आहे. शिवाय प्रथिन आणि कॅल्शियम मिळतं ते वेगळंच. फक्त विशिष्ट आजारासाठी प्रोबायोटिक हवं असेल तर जिवाणूची जात पुरत नाही, नेमका वाण लागतो. एका वाणाने जुलाब लवकर थांबतात म्हणून त्याचा भाऊबंदही तेच करेल असं नाही. विकत घेताना ‘लॅक्टोबॅसिलस’ एवढ्यावर थांबू नका. पुढे वाणाचं अक्षर-आकड्यांचं नाव आहे का ते पाहा.

आंबवून नंतर भाजलेल्या किंवा उकळलेल्या पदार्थांत जिवाणू मेलेले असतात. आंबवण्याने पचन सोपं होतं, धान्यातलं फायटेट (लोह-जस्त अडवून ठेवणारा घटक) कमी होऊन लोह-जस्त जास्त शोषलं जातं. तो फायदा खरा, पण प्रोबायोटिकचा नव्हे.

७. अँटिबायोटिक चालू आहे. सोबत प्रोबायोटिक घेऊ का?

अँटिबायोटिकमुळे लागणारे जुलाब काही प्रोबायोटिकांनी कमी होतात, याला बऱ्यापैकी आधार आहे. जिवाणूंवर आधारित असेल तर औषध आणि प्रोबायोटिक यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवतात. सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट असल्यामुळे जिवाणूविरोधी औषधाने मरत नाही.

पण इथे एक गुंता आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की अँटिबायोटिकनंतर अनेक वाणांचं मिश्र प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातले मूळचे जिवाणू पूर्ववत व्हायला उलट जास्त वेळ लागला. एका अभ्यासावरून सगळं ठरत नाही. तरी जुलाबाचा त्रास होत असेल किंवा आधी होऊन गेला असेल तरच, डॉक्टरांना विचारून, ठरावीक दिवसांपुरतं घ्यावं, असं माझं मत आहे. ‘असू दे सोबत’ म्हणून नको.

८. प्रोबायोटिक कोणी घेऊच नये?

प्रतिकारशक्ती खूप खालावलेल्यांनी, शिरेत नळी घातलेल्या रुग्णांनी, अतिदक्षता विभागातल्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घेऊ नये. २००८ मध्ये नेदरलँड्सहून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिल्यावर त्या गटात मृत्यू जास्त झाले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रुग्णालयातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत इशारा दिला. निरोगी माणसाने दही खाण्याशी याचा संबंध नाही.

९. तंतू वाढवल्यापासून पोट फुगतंय. बंद करू?

बंद करू नका, वेग कमी करा. कांदा, लसूण, केळं, कडधान्यं यांतले काही कर्बोदक घटक आपल्याला पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य असतात. त्यांनाच प्रीबायोटिक म्हणतात, आणि जिवाणू ते खातात तेव्हा वायू होणारच. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, पाणी वाढवा. प्रौढांनी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू खावेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, पण ते पहिल्या दिवशीच गाठायचे नाहीत.

‘हाय फायबर’ बिस्किटं किंवा बार खाऊन त्रास होत असेल तर घटकांत इन्युलिन किंवा चिकोरी मुळाचा अर्क आहे का पाहा. एका बारमध्ये तो बराच असू शकतो. ज्यांना आयबीएस, म्हणजे संवेदनशील आतड्याचा त्रास आहे, त्यांना हे घटक खरोखरच सोसत नाहीत. त्यांनी आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच प्रयोग करावेत. इसबगोल मात्र त्यांतल्या अनेकांना चालतं, कारण ते फारसं आंबत नाही.

१०. मासे खात नाही. जवसातून ओमेगा-३ पुरेल का?

अंशतः. जवस, अक्रोड, चिया यांत अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. मेंदू आणि हृदयाच्या संदर्भात ज्यांचं नाव निघतं ती ईपीए आणि डीएचए ही माशांतली ओमेगा-३ आम्लं त्यापासून शरीर बनवतं, पण फारच थोडी. डीएचए तर नगण्य. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रौढांसाठी दोन्ही मिळून दिवसाला २५० मिलिग्रॅम सुचवले आहेत. शाकाहारी माणसाला ते थेट हवे असतील तर शैवालापासून काढलेलं तेल हा मार्ग आहे. माशांना तरी ते शैवालातूनच मिळतं.

जवस दळूनच खा. अख्ख्या दाण्याचं कवच अनेकदा तसंच्या तसं बाहेर पडतं. पूड हवाबंद आणि थंड जागी ठेवा, थोडी थोडीच करा. तेलाचा खवट वास आला तर टाकून द्या.

११. कोणत्या फळात सर्वांत जास्त अँटीऑक्सिडंट असतात? त्याचा आकडा कुठे बघायचा?

तो आकडा बघूच नका. काही वर्षं ‘ओरॅक’ नावाची मोजपट्टी फार गाजली होती. परीक्षानळीत एखादा पदार्थ ऑक्सिडीकरण किती रोखतो ते ती मोजायची. अमेरिकेच्या कृषी खात्याने तिची यादी संकेतस्थळावर ठेवली होती आणि २०१२ मध्ये स्वतःच ती काढून टाकली, कारण नळीतल्या आकड्याचा माणसाच्या शरीराशी संबंध लागत नव्हता आणि विक्रेते तो आकडा मिरवत होते.

फळांतली ही रंगद्रव्यं पोटात गेल्यावर बदलतात, थोडीच शोषली जातात, काही जिवाणूंच्या हाती लागून वेगळीच संयुगं होतात. त्यांचा उपयोग असेलही, पण तो ‘अँटीऑक्सिडंट’ या एका शब्दात मावत नाही. रंगीबेरंगी फळं-भाज्या खा, कोणती पहिली आली हे मोजत बसू नका.

१२. गुणकारी घटक कळलाच आहे, तर सरळ त्याची गोळी का घेऊ नये?

कारण हा प्रयोग झालेला आहे आणि तो अंगाशी आला. गाजरासारख्या भाज्या खाणाऱ्यांत आणि रक्तात बीटा-कॅरोटिन जास्त असणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसे. म्हणून फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आला: बीटा-कॅरोटिनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली अशीच दुसरी चाचणी, धूम्रपान करणाऱ्यांवर आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्यांवर चाललेली, जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. तिथे वाढ २८ टक्के होती.

गाजर दोषी नव्हतं. भाजीतून मिळणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी पट मात्रा, एकाच घटकाची, सोबतच्या सगळ्या घटकांपासून तोडून दिली गेली होती. असाच धडा ग्रीन टीच्या अर्कांनी दिला. चहाचे कप सहसा निरुपद्रवी. पण त्यातल्या ईजीसीजी या घटकाचे दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त पूरक म्हणून घेतल्यास यकृताची एन्झाइमं वाढतात, असं युरोपीय प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं.

गोळीची जागा आहेच: कमतरता सिद्ध झालेली असेल, गरोदरपण असेल (प्रश्न १६), पूर्ण शाकाहारात बी-१२ कमी पडत असेल. तेव्हा गोळीला कमी लेखू नका.

१३. शिजवल्याने गुण निघून जातात का?

काहींचे जातात, काहींचे उलट वाढतात. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्यात निघून कमी होतं. पण टोमॅटोतलं लायकोपीन शिजवून, थोड्या तेलासोबत खाल्लं तर जास्त शोषलं जातं. गाजर-पालेभाज्यांतली कॅरोटिनॉइडंही तशीच. बिनतेलाचं कच्चं सॅलड खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

लसणाची गंमत वेगळी. ज्या ॲलिसिनमुळे लसणाचं नाव होतं, ते अख्ख्या पाकळीत नसतंच. पाकळी ठेचली की तिच्यातलं ॲलिइन हे संयुग आणि ॲलिनेझ एन्झाइम एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होतं. उष्णतेने एन्झाइम मरतं, म्हणून ठेचून दहा मिनिटं ठेवा आणि मग फोडणीत घाला.

बीटचं उदाहरण मला सर्वांत विलक्षण वाटतं. त्यातलं नायट्रेट रक्तवाहिन्या सैल करायला मदत करतं, पण आधी त्याचं नायट्राइट व्हावं लागतं, आणि ते काम जिभेवरचे जिवाणू करतात. जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली की ते जिवाणू मरतात आणि बीटचा रस बराचसा वाया जातो. तोंडही पचनसंस्थेचाच भाग आहे, हे आपण विसरतो.

१४. पाकिटावर नेमकं काय वाचू?

मागची बाजू. पुढची बाजू विकण्यासाठी असते.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ज्या घटकाचा गाजावाजा आहे तो यादीत शेवटी असेल तर तो नावापुरता आहे. एका वेळच्या खाण्यात त्याचे किती ग्रॅम मिळतात ते पाहा आणि परिणाम करणाऱ्या मात्रेशी ताडा (प्रश्न ४). प्रोबायोटिकवर जिवाणूंची संख्या ‘उत्पादनाच्या वेळी’ दिली आहे की ‘मुदत संपेपर्यंत’? दुसरं वचन जास्त मोलाचं.

दाव्याची भाषा निरखा. ‘कोलेस्टेरॉल कमी करतं’ आणि ‘निरोगी कोलेस्टेरॉल राखायला साहाय्यक’ या वाक्यांत बरंच अंतर आहे. आणि साखर बघाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर, मध, रस यांतून येणारी मुक्त शर्करा एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी हवी. २००० उष्मांकांच्या आहारात ५० ग्रॅमपेक्षा कमी. एखादं ‘पोटासाठी चांगलं’ गोड पेय त्यातला मोठा वाटा एका घोटात संपवू शकतं.

१५. प्रतिकारशक्ती वाढवणारे पदार्थ कोणते?

‘वाढवणारे’ हा शब्दच फसवा आहे. प्रतिकारशक्ती जास्त झाली की ॲलर्जी आणि स्वतःवरच उलटणारे आजार होतात. आपल्याला हवी असते ती नीट चालणारी प्रतिकारशक्ती. क आणि ड जीवनसत्त्व, जस्त, लोह, पुरेसं प्रथिन कमी पडलं तर ती ढासळते आणि कमतरता भरून काढली की सावरते. कमतरता नसताना वर आणखी ओतून ती चढत जात नाही.

१६. गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी काय वेगळं?

गर्भधारणेचा विचार असेल तेव्हापासूनच दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, आणि आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असेल तर डॉक्टर सांगतील ती मोठी मात्रा. फॉलिक ॲसिड खूप जास्त झालं तर बी-१२ च्या कमतरतेचा ॲनिमिया झाकला जातो आणि नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं, म्हणून मनाने मात्रा वाढवू नका. यकृत आणि अ जीवनसत्त्वाची रेटिनॉलयुक्त पूरकं टाळा. कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत. एनर्जी ड्रिंक हिशेबात धरा.

स्टेरॉल घातलेले पदार्थ गरोदर व स्तनदा मातांसाठी आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत. एक वर्षाखालच्या बाळाला मध बोटभरही नको. बोट्युलिझम या जिवाणूच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो. मोठ्या माणसांचा भरपूर तंतूंचा, कमी स्निग्धांशाचा आहार लहानग्यांवर लादू नका. त्यांचं पोट छोटं असतं, ते तंतूंनीच भरलं तर वाढीसाठी लागणारे उष्मांक मावणार कुठे?

१७. नैसर्गिक आहे म्हणजे औषधापेक्षा सुरक्षितच ना?

हा समज मला सर्वांत जास्त काळजीत टाकतो. रेड यीस्ट राईस घ्या. लाल बुरशीने आंबवलेला हा तांदूळ कोलेस्टेरॉल खरंच उतरवतो, कारण त्यात मोनाकोलिन-के असतं. आणि मोनाकोलिन-के म्हणजे रासायनिक दृष्ट्या लोव्हास्टॅटिनच. म्हणजे तुम्ही स्टॅटिनच, कोलेस्टेरॉल उतरवणारं औषधच, घेत असता, फक्त किती ते ठाऊक नसतं. स्नायुदुखी, यकृतावरचा ताण हे दुष्परिणामही तेच. २०२२ मध्ये युरोपीय संघाने त्याची दैनिक मात्रा ३ मिलिग्रॅमच्या खाली ठेवण्याचा नियम केला.

मार्च २०२४ मध्ये जपानमध्ये लाल बुरशीच्या तांदळाची पूरकं बाजारातून परत मागवावी लागली. ती घेणाऱ्या अनेकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती, काही मृत्यूंचाही तपास झाला. पूरकं तयार होताना शिरलेल्या दुसऱ्याच बुरशीचं प्युबेरुलिक आम्ल त्यांत सापडलं. ही पूरकं प्रश्न २ मध्ये सांगितलेल्या सैल पद्धतीखाली विकली जात होती.

हळदीचंही असंच. स्वयंपाकातली हळद आणि शोषण अनेक पटींनी वाढवलेली कर्क्युमिनची कॅप्सूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा कॅप्सूलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

१८. माझी औषधं चालू आहेत. काय सांभाळू?

हे उत्तर छापून औषधांच्या डब्याला चिकटवलंत तरी चालेल.

ग्रेपफ्रूट आतड्यातलं एक एन्झाइम बंद पाडतं, त्यामुळे सिम्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलसाठी), फेलोडिपिन (रक्तदाबासाठी) यांसारख्या औषधांची रक्तातली पातळी चढते; परिणाम दिवसभराहूनही जास्त टिकतो, म्हणून वेळेचं अंतर ठेवून भागत नाही. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या सोडायच्या नाहीत, रोज साधारण सारख्याच खायच्या. के जीवनसत्त्वाचं प्रमाण अचानक बदललं की रक्त पातळ राहण्याचं गणित बिघडतं. थायरॉइडच्या गोळीजवळ सोया, कॉफी, तंतूंची पूड आणि कॅल्शियमयुक्त पदार्थ नकोत. ही गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा. काही अँटिबायोटिकं (टेट्रासायक्लीन, सिप्रोफ्लोक्सासिन) कॅल्शियम घातलेल्या पेयांसोबत शोषली जात नाहीत. इसबगोल भरपूर पाण्यासोबत आणि इतर औषधांपासून किमान दोन तास दूर.

कमी सोडियमचं मीठ रक्तदाबासाठी चांगलं, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

१९. आहाराने कोलेस्टेरॉल उतरलं. गोळी बंद करू?

स्वतःहून नाही. गोळी चालू असताना आलेला आकडा हा गोळी आणि आहार दोघांचा असतो. शिवाय झटका येऊन गेलेल्या किंवा आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असलेल्या माणसाला आहाराचे टक्के पुरत नाहीत. ‘अन्न हेच औषध’ हे हिपोक्रॅटिसचं वचन म्हणून मला अनेकदा ऐकवलं जातं; त्याच्या नावावरच्या ग्रंथसंग्रहात ते सापडत नाही. एक दुर्मीळ अपवाद तर उलटाच आहे: सिटोस्टेरोलेमिया या आनुवंशिक विकारात वनस्पतींचे स्टेरॉल शरीरात साठत जातात. अशा माणसाला स्टेरॉल घातलेलं मार्गारीन घातक.

आहार मात्र सोडू नका, आणि डॉक्टरांना आकडे दाखवून मात्रा कमी करता येईल का हे जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

२०. फरक पडतोय की नाही हे किती दिवसांनी ठरवायचं?

कोलेस्टेरॉलसाठी चार ते सहा आठवडे, मध्ये बाकी काही न बदलता, आधी आणि नंतर रक्ततपासणी करून. बद्धकोष्ठासाठी तंतू आणि पाणी काही दिवसांतच बोलू लागतात. प्रोबायोटिकला चार आठवडे द्या, ठरवलेल्या मात्रेत, एका वेळी एकच. त्या दिवसांत वहीत दोन रकाने ठेवा: आज काय खाल्लं, आणि ते कशाच्या जागी खाल्लं. महिन्याभराने काहीच हललं नसेल तर ते पाकीट पुन्हा आणू नका.